गावकऱ्यांचा विरोध आहे

सुधारसेवा हा विषय मी साताऱ्यात शिकवते. नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला कलमं, समित्या, सिद्धान्त यांतलं काहीच घेत नाही. फळ्यावर एक ओळ लिहिते : ‘सदर बंद्यास रजेवर सोडण्यास गावकऱ्यांचा विरोध आहे.’ आणि विचारते, यातले गावकरी म्हणजे कोण?

उत्तरं येतात. सरपंच. पोलीस पाटील. मयताच्या घरचे. कुणीतरी म्हणतं, अख्खं गाव. ही मुलं माण-खटावची, जत-कवठेमहांकाळची. गाव म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. गावात वाड्या असतात, भावक्या असतात, पंचायतीत दोन पॅनेल असतात, मळ्यात राहणारी माणसं असतात जी बाजाराचा दिवस सोडला तर गावठाणात फिरकत नाहीत. ग्रामसभेत गटाराच्या विषयावरही ज्यांचं एकमत होत नाही ती माणसं या एका वाक्यात एकमुखानं कशी बोलली, असं मग त्यांच्यातलंच कुणीतरी विचारतं. तिथून माझा विषय सुरू होतो.

साताऱ्याच्या आणि सांगलीच्या जिल्हा कारागृहांत मुख्यतः कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे. सांगलीचा तुरुंग गणेशदुर्गातला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तो फोडून बाहेर पडले, म्हणून तो सगळ्यांना माहीत. पण जन्मठेप लागलेला माणूस तिथं राहत नाही. त्याची रवानगी कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा पुण्याच्या येरवड्याला होते, आणि तिथून घरी यायची वाट रजेची. महाराष्ट्रात ही रजा १९५९ च्या नियमांवर चालत आली. फर्लो म्हणजे संचित रजा, ती काही काळ नीट शिक्षा भोगल्यावर कारण न सांगता मागता येते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिला कारण लागतं : आजारपण, लग्न, मृत्यू. फर्लोवर घालवलेले दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. हा एवढा फरक कैद्यांच्या बायकांना तोंडपाठ असतो. वकिली शिकणाऱ्या मुलांना तो परीक्षेपुरता माहीत असतो.

माझं संशोधन या रजेच्या कागदाच्या प्रवासावर आहे. अर्ज तुरुंगातून निघतो. फर्लोचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, नियमित पॅरोलचा विभागीय आयुक्तांकडे. पण दोघांच्याही टेबलावर जे पोहोचतं ते बहुतांशी खालून आलेलं असतं. तालुक्याचं पोलीस ठाणं, तिथला बीटचा हवालदार, गावचा पोलीस पाटील, जामीन राहायला तयार असलेला नातेवाईक. हवालदाराकडे वीस-पंचवीस गावं, बंदोबस्त, समन्स, यात्रा. तो गावात येतो, पोलीस पाटलाकडे चहा घेतो, दोन-तीन जबाब लिहितो. पुण्याला बसलेल्या अधिकाऱ्याला ते गाव कधीच दिसणार नसतं. त्याच्यापुढे तेवढी एक ओळ असते.

या ओळीमागचं कारण मला एका विद्यार्थिनीनं समजावून दिलं. तिचे वडीलच पोलीस पाटील. वर्गात ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, माझे वडील वाईट नाहीत. पण त्यांनी हो म्हटलं आणि त्या माणसानं काही केलं, तर सही त्यांची असते. त्यांनी नाही म्हटलं आणि काहीच झालं नाही, तर त्यांना कुणी विचारायला येत नाही.’ मी त्या विषयावर बरंच वाचलं होतं, पण इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. सोडलेला कैदी फरार झाला तर फाईल उघडते, चौकशी लागते, बातमी येते. न सोडलेल्या कैद्याची आई त्याच्याविना गेली, त्याची बातमी होत नाही. ती नोंदही कुठे होत नाही. व्यवस्थेला एकाच बाजूची चूक दिसते, आणि मग प्रत्येक जण आपापल्या पायरीवर त्याच बाजूनं सावध राहतो. यात दुष्टपणा कुणाचाच नाही, आणि म्हणूनच ते बदलणं इतकं अवघड आहे.

रजेवर गेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं ठरल्या दिवशी परत हजर होतात. न येणाराही असतो. कुणी उसाच्या टोळीबरोबर कर्नाटकात निघून जातो, कुणी मुंबईत नाहीसा होतो. पकडला गेला की वेगळा गुन्हा दाखल होतो, साठवलेले माफीचे दिवस कापले जातात, पुढची रजा मिळणं अवघड होतं. एक पळतो तेव्हा त्याच बराकीतल्या बाकीच्यांच्या अर्जांकडेही साशंक नजरेनं पाहिलं जातं, हे कैद्यांना चांगलं ठाऊक असतं. कळंब्याहून रजेवर आलेल्या एका मध्यमवयीन माणसानं मला सांगितलं होतं, ‘बाई, मी माघारी जातो ते माझ्यासाठी न्हाय. माझ्या मागं बाराजण अर्ज लावून बसल्यात.’ एका बराकीत राहणाऱ्यांनी एकमेकांची अशी जामीनकी घेतलेली असते. तिच्यावर कुणाची सही नसते आणि कुठल्या अहवालात तिला रकाना नाही.

२०२० साली हे सगळं एकदम उघड्यावर आलं. कोविडमुळे तुरुंगांतली गर्दी कमी करा, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्चमध्ये राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रानं ८ मे २०२० रोजी नियमात दुरुस्ती केली आणि आकस्मिक पॅरोलची सोय झाली. आधी ४५ दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ. सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्यांसाठी मात्र एक अट होती : आधीच्या दोन सुट्यांवरून कैदी वेळेवर परतलेला असावा. वाचायला अट रास्त वाटते. ज्यानं विश्वास राखला त्याच्यावर विश्वास. पण ज्याला कधी रजाच मिळाली नाही, त्यानं परत येऊन दाखवायचं तरी कुठून? या अटीच्या अर्थावरून प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

आणि रजाच मिळाली नाही असे लोक कोण, ते आमच्या दोन जिल्ह्यांत शोधायला लांब जावं लागत नाही. पारधी, कैकाडी, बेरड. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण वहिवाट रद्द होत नाही. पत्ता म्हणून गायरानातली झोपडी. जामीन राहणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही. ‘स्थानिक रहिवासी नाही’ असा शेरा. भूमिहीन मजूर, ज्याची बायको शिक्षा लागल्यावर माहेरी निघून गेली, त्याचीही तीच गत : घ्यायला येणारं कुणी नाही, म्हणून रजा नाही, रजा नाही, म्हणून परतल्याची नोंद नाही, नोंद नाही, म्हणून महामारीतही आत. उलट बागाईतदाराच्या मुलाला जामीनदार रांगेनं मिळतात. गुन्हा तोच, कलम तेच, वर्तणूक कदाचित त्या मजुराचीच बरी. विश्वासाला इतिहास लागतो आणि तो इतिहास सुरू करायला आधी कुणीतरी विश्वास टाकावा लागतो, या पेचात सगळ्यात गरीब माणूस अडकून पडतो.

ज्यांना ती रजा मिळाली त्यांचीही कथा सोपी नव्हती. ती माणसं घरी आली तेव्हा गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला शाळेत ठेवत होते, तिथं तुरुंगातून आलेल्याला कोण आत घेणार? तरी माणसं राहिली. रोजगाराला गेली, पेरण्या केल्या, पोलीस ठाण्यात हजेऱ्या दिल्या. २०२२ च्या मे महिन्यात शासनानं सगळ्यांना परत बोलावलं. तोवर काहींना घराबाहेर दोन वर्षं होत आली होती. एकाची मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, ‘आबा’ म्हणायला लागली, आणि मग आबा गेला. तो काळ पॅरोलचा, म्हणून शिक्षेत धरला गेला नाही. दोन वर्षं कसलाही गुन्हा न करता, गावाच्या डोळ्यांसमोर राहून दाखवलं. सुधारणेचा याहून मोठा पुरावा कुठला मागायचा, हे मला आजही कळत नाही.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट आमच्याच भागात कुणीतरी चालून दाखवली आहे. ती बघायला मी दर तुकडीला आटपाडीला घेऊन जाते.

साताऱ्याहून आटपाडीकडे जाताना औंध वाटेत येईल असा रस्ता मी मुद्दाम धरते. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगलीत, पण एके काळी दोन्ही औंध संस्थानात होती. संस्थान लहान, आणि तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रसंग्रहासाठी प्रसिद्ध. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब परदेशात शिकून आलेले. त्यांच्या ओळखीनं मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू अभियंता औंधात आला. बंगलोरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता, गांधींच्या आणि रमण महर्षींच्या ओढीनं सगळं सोडून भगवी वस्त्रं घातलेला. भारतानंद म्हणून त्याला ओळखत. १९३८-३९ मध्ये भवानरावांनी गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना दिली, त्यात फ्रीडमनचा मोठा वाटा होता. त्याच सुमाराला, त्याच माणसांनी, आटपाडीच्या माळावर कैद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंत नाही, बेडी नाही. शेत नांगरायचं, पिकवायचं, कुटुंब आणून सोबत राहायचं. नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रजा राज्य करायला लायक झाली की तिला राज्य देऊ, असं त्या काळचा प्रत्येक सत्ताधीश म्हणत होता. औंधात क्रम उलटा होता : आधी द्या, लायकी वापरातून येईल. कैद्यांच्या बाबतीत तेच. माणूस भरवशाचा ठरला की भिंत काढू, असं न म्हणता त्यांनी आधी भिंत काढली. या संस्थानच्या मातीत तो विचार त्याआधीही रुजलेला दिसतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्याच जमिनीवर कुंडलजवळ कारखाना वसवला, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या, पंचक्रोशी ज्यांना घाबरायची अशा माणसांना त्यांनी रात्रीची राखण दिली होती. जगातही असे प्रयोग झाले. नॉरफोक बेटावर अलेक्झांडर मॅकॉनकीनं १८४० पासून कैद्यांना वागणुकीचे गुण देऊन टप्प्याटप्प्यानं मोकळीक द्यायला सुरुवात केली, आणि पॅरोलची कुळी पाठ्यपुस्तकं तिथून सांगतात. मॅकॉनकीला चार वर्षांत परत बोलावून घेतलं. स्वतंत्रपूर अजून चालू आहे.

मुलांना स्वतंत्रपूर माहीत असतं ते सिनेमामुळे. ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे, म्हणजे याच मुलखातले. त्यांनी लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सिनेमा मी तुकडीला आवर्जून दाखवते. पण त्यातल्या एका गोष्टीशी माझा मतभेद आहे आणि तो मी वर्गात मांडते. सिनेमात सहा खुनी कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे डोळे. ते पळून जातात आणि त्या नजरेच्या धाकानं, त्या नजरेच्या मायेनं माघारी येतात. म्हणजे सगळं एका थोर माणसावर उभं. असा माणूस बदलीवर गेला, निवृत्त झाला, मेला की काय करायचं? खऱ्या स्वतंत्रपुरात अधिकारी येतात आणि जातात. संस्थान विलीन झालं, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं सांगली झालं, वसाहत राज्याच्या कारागृह खात्याकडे आली, आणि ती टिकली. ती कुणाच्या डोळ्यांवर टिकलेली नाही. चुलीवर टिकलेली आहे. बायको सकाळी भाकरी थापते, पोरं दप्तर घेऊन आटपाडीच्या शाळेला जातात, म्हैस व्यायला झालेली असते, डाळिंबावर तेल्या पडलेला असतो. एवढं सगळं सोडून पळायचं कुठं आणि कशासाठी?

तिथं एका बाईंना आमच्या विद्यार्थ्यानं विचारलं, इथं राहायला आलात तेव्हा भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, ‘भ्या गावात वाटायचं. हितं सगळ्यांचंच नवरं खुनी, कोण कुणाला हसनार?’ मुलगा वरमला. बाईंनी त्याला ताक दिलं.

मला या वसाहतीचं एकच दुःख आहे : ती फार लहान आहे. तिसाच्या आतली कुटुंबं. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानानं दुष्काळी माळावर जे केलं, ते एवढ्या मोठ्या राज्याला कुटुंबासह राहण्याच्या स्वरूपात वाढवता आलेलं नाही. राजस्थाननं जयपूरजवळ सांगानेरला १९६३ मध्ये खुली वसाहत काढली. तिथले कैदी कुटुंबाबरोबर राहतात, शहरात कामाला जातात, स्वतः कमावतात, आणि ती शेकडोंची आहे. महाराष्ट्रात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहं आहेत, शेतीही मोठी आहे, पण तिथं चूल नाही.

इथवर मी कैद्याच्या बाजूनं लिहिलं. पण माझ्या कामाचा अर्धा भाग दुसऱ्या घरात बसून झालेला आहे. आमच्याकडचे खून बऱ्याचदा बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून, भावकीतून होतात. मारणारा आणि मेलेला यांची दारं एकाच बोळात उघडतात. ज्या घराचा माणूस गेला त्या घराला रजेचा अर्ज कसा वाटत असेल, हे विचारल्याशिवाय पॅरोलवर बोलण्याचा मला अधिकार नाही असं मी मानते.

खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवर मी अशा एका बाईंकडे गेले होते. नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती. आता थोरला ट्रॅक्टर चालवतो. फाईलमध्ये त्यांच्या नावापुढे ‘तीव्र विरोध’ असं होतं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही विरोध केलात ते बरोबरच आहे, मला फक्त ऐकायचंय. त्या बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्या इरोद केल्याला न्हाय. मला कुनी इचारलंच न्हाय. दिरानं सही केली.’ आणि थोड्या वेळानं : ‘येऊ द्या की त्याला. त्याची आई आंधळी झालीया. पर माझ्या दारावरनं जायाचं न्हाय आनि माझ्या पोराच्या म्होरं यायाचं न्हाय.’

म्हणजे त्यांच्या बोलण्यात नकार नव्हता, दोन अटी होत्या. दोन्ही नियमात बसणाऱ्या : रजेचा पत्ता दुसऱ्या गावचा देता येतो, कुठल्या ठाण्यात हजेरी द्यायची ते ठरवता येतं, कुठे फिरकायचं नाही हे लिहून घेता येतं. त्यांच्या तोंडून हे कुणी काढून घेतलं असतं तर त्या घराला सुरक्षितता मिळाली असती आणि आंधळ्या आईला मुलगा भेटला असता. त्याऐवजी ‘तीव्र विरोध’ या शब्दांनी दोघींचंही म्हणणं झाकून टाकलं.

निघताना त्यांनी मला उलट प्रश्न केला. ‘तुम्ही धा दिसाच्या रजेचं इचारायला आलासा. तो कायमचा सुटून यील तवा कोन येनार इचारायला?’

कुणीच येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जन्मठेपेचा कैदी चौदा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा सुटतो तेव्हा तो अटी न घालता त्याच बोळात परत येतो. मधल्या काळात त्यानं गाव पाहिलेलं नाही, गावानं त्याला पाहिलेलं नाही, मेलेल्याचा मुलगा बापाच्या वयाचा झालेला आहे. रजा नाकारून आपण गावाचं रक्षण केलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दिवस डोळ्यांपुढे आणावा. दर वर्षी थोडे दिवस, अटींसह, हजेरीसह, दोन्ही घरांना आधी विचारून झालेली ये-जा हीच त्या दिवसाची तयारी असते. मी इतकी वर्षं रजेकडे कैद्याचा हक्क म्हणून पाहायला शिकवत आले, आणि तो आहेच. त्या बाईंनंतर ती मयताच्या घराचीही गरज आहे असं शिकवते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या गृहचौकशी अहवालात आता ‘गावकरी’ हा शब्द लिहायला परवानगी नाही. घरं लिहायची. कुठलं घर, कुणाशी बोललात, ती व्यक्ती एकटी होती की दीर-सासरे समोर बसले होते. बायकांशी बोलायला मुलींनी जायचं, आणि शक्य असेल तर रानात किंवा पाण्यावर, ओसरीवर नाही. ‘विरोध’ लिहिलात तर पुढचा प्रश्न सक्तीचा : कशाला विरोध आणि काय केलं तर चालेल? आमच्या अहवालाला कायद्यात स्थान नाही. तरी काही कुटुंबं तो अर्जाला जोडतात, आणि एका ठाण्यातल्या हवालदारानं आमच्या प्रश्नांचा कागद मागून घेतला. गेल्या तुकडीतल्या जतच्या एका मुलानं पारधी वस्तीवरच्या अर्जासाठी जामीनदार शोधला तो शेजारच्या गावचा निवृत्त शिक्षक निघाला. कैद्याचा मुलगा त्यांच्या वर्गात होता, एवढीच ओळख. अर्ज सध्या वर गेलेला आहे. जतचा तो विद्यार्थी दर सोमवारी विचारायला येतो, आणि मी कार्यालयात फोन लावते.